दफनभूमीतील सदाफुली

पवित्र शास्त्रातील बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्य आणि औषध यांविषयी आहे. औषधी वनस्पती भूमीतून उगवतात त्या परमेश्वराच्याच योजनेने, म्हणून सुज्ञ माणसाने त्यांना तुच्छ लेखू नये. आजाऱ्याने प्रार्थना करावी, पण वैद्यालाही दारात येऊ द्यावे. असा त्या अध्यायाचा एकंदर आशय आहे. प्रार्थना आणि औषधोपचार यांत शास्त्रकाराला विरोध दिसला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण एका अत्यंत सामान्य, किंबहुना उपेक्षित अशा फुलझाडाचा इतिहास पाहू या. ते झाड म्हणजे सदाफुली.

बुटीबोरीच्या परिसरात सदाफुली ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील हे गाव मूळचे कापूस पिकविणाऱ्या काळ्या मातीतले. पुढे औद्योगिक वसाहत आली आणि तिच्याबरोबर निरनिराळ्या प्रांतांची, निरनिराळ्या भाषांची माणसे आली. त्यामुळे या एकाच झाडाला येथे अनेक नावांनी हाक मारली जाते. मराठी माणूस त्याला सदाफुली म्हणतो, हिंदी भाषक सदाबहार किंवा सदासुहागन म्हणतो, बंगाली नयनतारा म्हणतो. तमिळ कुटुंबात ती नित्यकल्याणी असते. केरळातून आलेल्या बांधवांना विचारले तर ते काहीसे संकोचाने ‘शवक्कोट्टपच्चा’ हे नाव सांगतात. त्याचा अर्थ दफनभूमीतील हिरवळ. एकीकडे नित्य कल्याण, अखंड सौभाग्य, आणि दुसरीकडे मृत्यू! एकाच फुलाच्या वाट्याला इतकी परस्परविरोधी नावे क्वचितच आली असतील.

या विरोधाचे कारण त्या झाडाच्या स्वभावातच आहे. सदाफुलीला निकस जमीन चालते, मुरूम चालतो, विदर्भाचा वैशाखवणवाही ती सोसते. तिला सोसत नाही ते फक्त मुळाशी साचलेले पाणी. पाला कडू व विषारी असल्यामुळे शेळ्या-गुरे तिला तोंड लावीत नाहीत. तेव्हा जेथे कोणी पाणी घालीत नाही आणि कुंपणही धड नसते, अशा दफनभूमीत दुसरे काही तगले नाही तरी ती तगते. पांढरी, गुलाबी, लाल डोळ्याची पांढरी अशी तिची फुले बारा महिने कबरींवर डोलत राहतात.

सदाफुली इतकी आपली वाटते, तरी ती मूळची आपली नव्हे. तिचे माहेर आफ्रिकेजवळील मादागास्कर बेट. म्हणूनच चरक-सुश्रुतांच्या संहितांत तिचा उल्लेख नाही. संस्कृत निघंटूंत ‘सदापुष्प’ हे नाव येते, पण ते रुईचे आहे. नावाच्या साम्यामुळे अनेकांची फसगत होते, म्हणून हे नमूद केले. अठराव्या शतकात मादागास्करहून तिचे बी पॅरिसच्या राजोद्यानात पोहोचले आणि तेथून लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी उद्यानाचे प्रमुख फिलिप मिलर यांच्या हाती आले. इ. स. १७५९ मध्ये लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला ‘विंका रोझिया’ हे नाव दिले. १८३७ मध्ये जॉर्ज डॉन याने तिचे कुल वेगळे ठरवून ‘कॅथरँथस’ असे नाव बदलले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो ‘शुद्ध फूल’. जहाजांच्या मार्गाने, उद्यानांच्या वाटेने ती उष्ण कटिबंधातील जवळजवळ सर्व देशांत पसरली आणि जेथे गेली तेथे रानटीही झाली.

जेथे ती गेली तेथील गोरगरिबांनी तिचा औषधी उपयोग शोधून काढला. गांधीलमाशी चावली तर आपल्या देशात तिच्या पानांचा रस लावीत. मध्य अमेरिकेत घसा दुखल्यास तिच्या काढ्याने गुळण्या करीत. परंतु एक उपयोग असा की, तो एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या लोकांत सारखाच आढळतो. जमैका, दक्षिण आफ्रिका, फिलिपाईन्स आणि भारत या सर्व ठिकाणी मधुमेहावर सदाफुलीची पाने दिली जात. हे उपयोग मुख्यतः तोंडी परंपरेतून चालत आले. ते आजीकडून नातीकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे जात राहिले.

याच लोकज्ञानातून पुढचा इतिहास घडला. १९२१-२२ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे इन्शुलिनचे जे संशोधन झाले, त्यात क्लार्क नोबल या तरुणाचाही सहभाग होता. त्यांना १९५२ मध्ये जमैकाहून टपालाने सदाफुलीची काही पाने आली. तेथे इन्शुलिन मिळाले नाही तर या पानांचा चहा पितात, असा निरोप सोबत होता. डॉ. क्लार्क यांनी ती पाने वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातील आपले संशोधक बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे धाडली. रॉबर्ट यांनी उंदरांना पानांचा अर्क पाजून पाहिला, पण रक्तातील साखरेत फारसा फरक पडला नाही. मग त्यांनी तो टोचून दिला. साखर तर उतरली नाहीच, उलट उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले.

येथे एखाद्याने तो नाद सोडला असता. रॉबर्ट नोबल यांनी मात्र उंदीर का मेले, असा प्रश्न विचारला. उत्तर असे मिळाले की, अर्कामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी अतिशय घटल्या होत्या आणि म्हणून शरीराची प्रतिकारशक्तीच नाहीशी झाली होती. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रक्ताच्या कर्करोगावर हेच विष औषध ठरणार नाही काय? चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने १९५८ पर्यंत त्यांनी ‘व्हिनब्लास्टिन’ हे द्रव्य वेगळे केले. त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली या औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांचेही याच वनस्पतीवर काम चालू होते. त्यातून ‘व्हिन्क्रिस्टीन’ हाती आले आणि १९६३ मध्ये त्याच्या वापरास अमेरिकेत मान्यता मिळाली. ही द्रव्ये पेशीचे विभाजन मध्येच रोखतात, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मरतात.

१९६० पूर्वी रक्ताचा कर्करोग झालेले बालक वाचणे ही अपूर्वाई होती. आज व्हिन्क्रिस्टीन आणि त्याच्या जोडीची इतर औषधे यांमुळे प्रगत देशांत बालकांच्या या रोगाच्या प्रमुख प्रकारातील दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आपल्याकडेही कर्करोग रुग्णालयांत अशा बालकांच्या शिरेत जे औषध जाते, त्यात सदाफुलीचा अंश असतो. ज्या फुलाने मुलांच्या कबरी झाकल्या, त्याच फुलाने पुढे मुलांना कबरीपासून दूर ठेवले.

आता एक गोष्ट कळकळीने सांगणे अगत्याचे वाटते. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ मंडळी साखरेच्या आजारावर रोज उपाशीपोटी सदाफुलीची पाने किंवा फुले चावून खातात. कर्करोगाच्या रुग्णालाही पाने खाऊ घालण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात. हे धोक्याचे आहे. सुमारे पाचशे किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळते, व्हिन्क्रिस्टीन तर त्याहूनही कमी. ते शुद्ध करून, मोजून, रक्ताची तपासणी करीत शिरेवाटे द्यावे लागते. मूठभर पाल्यातून औषधाची मात्रा मिळत नाही, विष मात्र पोटात जाते. गर्भवतीने तर ती पाने मुळीच खाऊ नयेत. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर पाने घेतल्यास साखर एकाएकी खाली जाण्याचाही संभव आहे. पाने खाऊन पाहतो, असे म्हणत इस्पितळात जाण्यास केलेला विलंब एखाद्या बालकाच्या जिवावर बेतू शकतो.

मग आजीबाईचे ज्ञान खोटे होते काय? तसे मुळीच नाही. या झाडात काही विलक्षण शक्ती आहे, हे तिने ओळखले होते. ती शक्ती नेमकी कोणती, हे परीक्षेनंतर कळले. लोकपरंपरेने बोट दाखविले नसते तर शास्त्रज्ञ त्या झाडाकडे वळले नसते, आणि शास्त्रज्ञाने परीक्षा घेतली नसती तर ते बोट तसेच राहिले असते. परंपरेचा खरा मान तिची डोळसपणे परीक्षा करण्यात आहे. जुने म्हणून डोक्यावर घेणे आणि जुने म्हणून झिडकारणे या दोन्ही गोष्टी सारख्याच आळसाच्या होत.

शिवाय ऋण मानणेही आले. या औषधांवर कंपन्यांनी अमाप पैसा मिळविला, पण ज्या मादागास्करने ही वनस्पती दिली, ते बेट दरिद्रीच राहिले. जमैकात चहा उकळणाऱ्या त्या अनामिक स्त्रियांच्या वाट्याला काहीच आले नाही. अशा अन्यायाची दखल घेऊन १९९२ मध्ये रिओ येथे जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, २००२ मध्ये भारतानेही त्यासंबंधी कायदा केला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून आठवण करून दिली की, निर्मितीचा आक्रोश आणि दीनांचा आक्रोश हे वेगळे नाहीत. सदाफुलीचा इतिहास हे त्याचेच एक उदाहरण आहे.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृत भक्तांच्या स्मरणदिनी, आपण कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो, विकतचे हार वाहतो. त्या दिवशी गवताबरोबर सदाफुलीही उपटून टाकण्याची आपली रीत आहे. यंदा एखादे रोप राहू द्यावे. आपल्या ख्रिस्ती श्रद्धेनुसार मृत्यू हा शेवटचा शब्द नव्हे, आणि ही श्रद्धा लेकरांना समजावून सांगण्यास कबरीवर फुललेल्या या साध्या फुलाहून सोपा दाखला शोधावा लागणार नाही.