घर आहे, पण विकता येत नाही! बार्सिलोनाची ‘ला बोर्दा’ सोसायटी आहे तरी काय?

‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गेटवरचा वॉचमन, पार्किंगवरून भांडणं आणि महिन्याचा मेंटेनन्स. फ्लॅट विकताना मात्र भाव बाजाराचाच!

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात ‘ला बोर्दा’ नावाची २८ घरांची सहकारी इमारत आहे. इथे घर विकताच येत नाही.

२००८ च्या मंदीनंतर स्पेनमध्ये हप्ते थकलेल्या हजारो कुटुंबांना घराबाहेर काढलं गेलं. त्याच काळात, २०११ मध्ये, सांत्स भागातल्या रहिवाशांनी ‘कान बात्यो’ या जुन्या कापड गिरणीचा काही भाग लोकांच्या वापरासाठी मिळवला. तिथूनच आपली घरं आपणच उभारायची कल्पना निघाली. महापालिकेने जमीन विकली नाही, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. २०१८ मध्ये लोक राहायला आले.

इमारतीची मालकी संस्थेकडे असते. सभासद सुरुवातीला अनामत भरतो आणि दरमहा ठरलेली रक्कम देतो. घर सोडताना अनामत परत मिळते, पण बाजारभाव वाढला म्हणून एक पैसाही जास्त नाही. त्यामुळे ‘गुंतवणूक’ म्हणून घर घेणारा इकडे फिरकतच नाही.

आता रचना बघा. घरं छोटी, साधारण ४३० ते ८०० चौरस फुटांची. प्रत्येक घरात स्वतःचं स्वयंपाकघर आणि बाथरूम आहेच. पण कपडे धुण्याची मशिन्स सगळ्यांची मिळून एका खोलीत, पाहुण्यांसाठी सामायिक खोल्या, शिवाय एक मोठं स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी आपण लाखो रुपयांची जादा खोली घेतो, तो खर्चच इथे वाचतो.

सगळी दारं मधल्या चौकाभोवतीच्या गॅलरीत उघडतात. स्पेनमध्ये अशा जुन्या घरांना ‘कोर्राला’ म्हणतात. आपल्या चाळीची चुलत बहीणच म्हणा ना! फरक एवढाच, की चाळीत सामायिक नळ-संडास हा नाइलाज होता. इथे काय वाटून घ्यायचं, हे राहणाऱ्यांनी आर्किटेक्टसोबत (‘लाकोल’ ही सहकारी संस्थाच) बसून ठरवलं.

चौकावर पारदर्शक छप्पर आहे. हिवाळ्यात ते बंद ठेवून उन्हाची ऊब साठवतात, उन्हाळ्यात उघडून गरम हवा वर सोडतात. तळमजल्यावरचे मजले लाकडी पॅनलचे, म्हणजे सिमेंट कमी.

सगळ्यात भारी गोष्ट पार्किंगची. नियमाप्रमाणे गाड्यांसाठी तळघर सक्तीचं होतं. सभासद म्हणाले, आम्हाला गाड्या नकोत, सायकली ठेवायला जागा द्या. महापालिकेने ते मान्य केलं आणि खोदकामाचा मोठा खर्च टळला.

यासाठी वेळ मात्र भरपूर द्यावा लागतो. बैठका, कामवाटप, आतलं बरंचसं फिनिशिंगही राहायला आल्यावर स्वतःच्या हातांनी. आपल्याकडे वार्षिक सभेला कोरम जमत नाही, तिथे हे कसं जमायचं, हा प्रश्न पडतोच!