अर्ध्या दिवसाची शाळा, पुऱ्या दिवसाची मजुरी

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास शाळेच्या दारापासून लिहिला जातो. हे दार कुणासाठी उघडे आणि कुणासाठी बंद, हा प्रश्न जोतीराव फुले यांनी विचारला आणि १८४८ पासून त्याचे उत्तर कृतीने दिले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून महाविद्यालयाचे दारही आपल्यासाठी उघडले. परंतु उघडलेली शाळा किती वेळ उघडी राहते आणि ती वेळ कुणाच्या सोयीने ठरते, हा प्रश्न आपल्या चळवळीतही फारसा विचारला गेला नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर तोच कळीचा प्रश्न आहे.

सकाळी नऊ ते बारा ही बालवाडीची वेळ आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. वास्तविक ती एका विशिष्ट वर्गाच्या घरातील वेळ आहे. त्या घरात मुलाला नऊला पोहोचवायला आणि बाराला आणायला आई, आजी किंवा मोलकरीण असते. शेतमजूर, वीटभट्टीवरची किंवा गाळ्यातली कामगार स्त्री पहाटे घर सोडते आणि दिवेलागणीला परतते. मग धाकट्याला पोहोचवणार कोण आणि आणणार कोण? आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. म्हणजे धाकट्याची अर्धवेळ शाळा थोरलीच्या पूर्णवेळ गैरहजेरीवर चालते. हजेरीपटावर एक मूल वाढते आणि दुसऱ्या हजेरीपटावरून एक मुलगी गळते. शिक्षणखाते या दोन घटनांचा संबंध जोडत नाही, कारण त्याच्या लेखी हे दोन वेगळे हजेरीपट आहेत.

हे असेच असावे लागते काय? इतिहास तसे सांगत नाही. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी ते होते, आणि म्हणूनच ते सकाळपासून दुपार कलेपर्यंत चाले. पुढे हीच पद्धती सुखवस्तू घरांत शिरली. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये मुंबईत, दादरला, शिशुविहार सुरू केला. या कामाचे मोल मोठे आहे. परंतु शहरातील बालशिक्षणाचा पुढील विस्तार प्रामुख्याने पांढरपेशा वस्तीतच झाला. ज्यांच्यासाठी ही कल्पना जन्मली, तेच तिच्या बाहेर राहिले.

ताराबाईंनी ही विसंगती ओळखली, हे त्यांचे मोठेपण. १९४५ च्या डिसेंबरमध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या.

हे वर्ष नीट लक्षात घ्यावे. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठ न करण्याचा निर्धार केला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड हुतात्मा झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराचे लग्नगडी होत, तो हा मुलूख. आईच्या दिवसावर आईची मालकी नसेल, तर मुलाच्या तीन तासांची भाषा पोकळ ठरते. बोर्डीच्या बालवाडीच्या दोन महिने आधी वारल्यांनी दिवसावरची मालकी मागितली होती. बालशिक्षणाच्या इतिहासात तलवाड्याचे नाव येत नाही; ते आले पाहिजे.

बोर्डीत अनुभव काय आला? मध्यवर्ती बालवाडी भरू लागली, परंतु त्या काळी ज्याला हरिजनवाडा म्हणत तेथील मुले तिकडे येत नव्हती. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीतल्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या अनुभवातून रूढ झाला. आज देशभर बोलला जाणारा हा शब्द मुळात अस्पृश्यांच्या अंगणातला आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले जात नाही.

या घटनेला दोन बाजू आहेत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, ही दृष्टी क्रांतिकारक होती. दुसरी बाजू अशी, की दलित मुलाला अंगणात शाळा मिळाली, पण मध्यवर्ती बालवाडीतल्या सवर्ण मुलाला दलित शेजारी मिळाला नाही. मुलाचा दिवस बदलला. गावाची रचना तशीच राहिली. जे काम गावाने करायचे, ते दोन बायकांच्या पायपिटीवर सोपवले गेले.

१९५७ मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे ताराबाई-अनुताईंचे काम आणखी पुढे गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी केली. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवले की थोरली वर्गात बसू शकते. थोरलीच्या गैरहजेरीचे कारण मुलीच्या स्वभावात किंवा आईच्या अज्ञानात नसून व्यवस्थेत आहे, हे विकासवाडीने प्रत्यक्षात दाखवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी यांच्या जोडीला शालापूर्व शिक्षण आले. या योजनेने लक्षावधी मुले जगवली. परंतु शासनाने कोसबाडचा शब्द उचलला आणि विकासवाडीचा विचार मागे ठेवला. अंगणवाडी काही तासांचीच राहिली. तिथली सेविका वेतनाची नव्हे, ‘मानधना’ची धनी ठरली. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. त्याच वर्षी ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची कल्पना केंद्राने मांडली. कोसबाडच्या टेकडीवरून दिल्लीला पोहोचायला या विचाराला साठाहून अधिक वर्षे लागली.

कायद्याची वाटचाल तर उलटीच झाली. मूळ संविधानाच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतची सर्व मुले होती. खालची वयोमर्यादा नव्हती. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने या शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती हक्क देणारी म्हणून गौरवली गेली, पण तिने हा हक्क सहा ते चौदा या वयापुरता आखला. सहा वर्षांखालील मूल हक्कातून निघून मार्गदर्शक तत्त्वात गेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही त्याची सोय सरकारच्या मर्जीवर ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाड्या प्राधान्याने उघडण्याचा आदेश दिला. त्याचा पाठपुरावा मात्र वस्त्यांनाच करावा लागतो.

आता आपल्या वसई तालुक्याकडे पाहू. पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे वीटभट्ट्यांवर उतरतात. भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. १९९० च्या दशकात विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी या मुलांसाठी भट्टीवरच ‘भोंगाशाळा’ चालवल्या. अंगणात गेलेली बालवाडी येथे भोंग्यापर्यंत आली.

वालीवचा प्रश्न याहून नवा आहे. महामार्गालगतच्या या औद्योगिक पट्ट्यात दूरदूरची कुटुंबे छोट्या गाळ्यांत काम करतात आणि चाळीतल्या एका खोलीत राहतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची सक्ती स्त्री-कामगारांच्या संख्येवर ठरवली, २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने ती पन्नास कामगारांवर नेली. लहान गाळा त्या आकड्यापर्यंत पोहोचतच नाही. शंभर गाळ्यांत मिळून हजार माणसे राबली, तरी कायद्याच्या हिशेबी तेथे एकही मूल नसते. आणि खोलीला अंगण नसल्यामुळे अंगणवाडीही भाड्याची जागा शोधत फिरते.

तेव्हा मागणी नेमकी हवी. केवळ ‘अंगणवाडी द्या’ म्हणणे पुरेसे नाही. गाळ्यांच्या समूहाला एकच आस्थापना मानून तेथे पाळणाघर व्हावे. अंगणवाडीची वेळ आईच्या पाळीला जुळावी. सेविकेला पूर्ण वेळेचे पूर्ण वेतन मिळावे. सहा वर्षांखालील मुलाला त्याचा हक्क परत मिळावा. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी वस्तीत जाताना बालवाडीचा पट जरूर पाहावा. पण त्याच फेरीत प्राथमिक शाळेचाही पट उघडावा आणि कोणती थोरली वर्गात नाही, ते विचारावे.