घरातली जमीन : एका कोल्हापुरी माडीच्या पोटातला इतिहास



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला फोन करून विचारलं, "बाई, 'जमीन' म्हणजे सातबाऱ्याची का?" त्यांची चूक नाही. मराठीत शेताला जमीन म्हणतात आणि घरात ज्यावर आपण बसतो त्यालाही जमीनच म्हणतात. आता आपण 'फरशी पुसली' म्हणतो. पण माझ्या सासूबाई घरात मोझॅक बसल्यावरही शेवटपर्यंत "जमीन पुसली का गं?" असंच विचारायच्या. आज मी त्या जमिनीबद्दल बोलणार आहे, आणि ते पुस्तकातून कमी, कुदळीतून जास्त.

शुक्रवार पेठेत आमच्या सासरचा वाडा आहे. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली. वाडा त्याच सुमाराचा, असं घरात सांगतात. वाटण्या होत होत आमच्या वाट्याला माडीवरच्या दोन खोल्या आणि पुढचा सोपा आला. खालच्या खोल्यांत एक काकू राहतात, भाडेकरू म्हणून लग्न होऊन आल्या त्या तिथेच. मी शाळेतून निवृत्त झाले आणि ठरवलं, माडी दुरुस्त करून तिथे राहायचं.

मधल्या खोलीची जमीन मधोमध खचली होती. चेंडू ठेवला तर आपोआप मध्ये यायचा, कुणी भराभर चाललं की कपाटातली भांडी वाजायची. दोन-तीन जाणकारांना दाखवलं. सगळ्यांचं म्हणणं एकच. लाकूड संपलंय, वाडा पाडा, नाहीतर निदान वरचा मजला उतरवून स्लॅब टाका. पेठांमधले कितीतरी वाडे याच एका वाक्यावर गेले. म्हणून मी म्हटलं, पाडण्याआधी एकदा उघडून तर बघू.

उघडायला आले ते एक म्हातारे गवंडी. त्यांना मी मामा म्हणते. त्यांनी कोपऱ्यात दीड फुटाचा चौकोन आखला आणि हळूहळू फोडत खाली गेले. जे दिसलं ते बघून माझ्यातली इतिहासाची शिक्षिका जागी झाली. सगळ्यात वर मोझॅकची फरशी. तिच्याखाली दोन इंच सिमेंट-वाळूचा थर. त्याखाली चुन्याचा कोबा. त्याखाली चार बोटं माती, आणि त्या मातीच्या अंगावर सारवणाचे पातळ पापुद्रे, वहीच्या पानांसारखे. मग फळ्या, फळ्यांखाली कड्या, कड्यांखाली सागवानी तुळई. पाच पिढ्या एकावर एक निजलेल्या. आता खालून वर येऊ.

कडीपाटाची माडी म्हणजे काय, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया, त्यांच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. ही माती निव्वळ भर म्हणून नसते. पायांचा आवाज ती खाऊन टाकते, उन्हाळ्यात खालची खोली थंड ठेवते, आणि तिच्यावर सारवता येतं. तळमजल्यावर जमीन करायची तर माती खणून, भिजवून, धुम्मसानं ठोकून, चोपण्यानं चोपून मग सारवायची. 'जमीन करणं' हा शब्दप्रयोगच बघा. जमीन आयती मिळत नव्हती, ती करावी लागायची. आणि एकदा करून भागत नव्हतं. दर आठ-पंधरा दिवसांनी शेण-मातीचा हात फिरवावा लागे. ती दुरुस्ती घरातल्या बायकाच करत. मोबदल्याचा प्रश्न नव्हता आणि त्याला काम असंही कुणी म्हणत नव्हतं.

या जमिनीवर पहिला मोठा संशय आला तो प्लेगनं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली पुण्यात घरोघरी तपासण्या झाल्या. त्या तपासण्यांत आणि निर्जंतुकीकरणात कितीतरी घरांच्या जमिनी उखणल्या गेल्या. पुढच्या काही वर्षांत साथ कोल्हापुरातही आली. छत्रपती शाहू महाराजांना राज्यकारभार हाती घेऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. साथीच्या काळात लोकांना गाव सोडून मोकळ्या रानात राहावं लागलं. आता विचार करा, जी सारवलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्या पवित्र मानली, तीच उंदरांची बिळं लपवणारी, रोगट ठरली. ज्याला परवडेल तो पक्की जमीन करू लागला.

पक्की म्हणजे तेव्हा चुन्याची. चुनखडी भट्टीत साधारण नऊशे अंशांवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो उकळतो, फुगतो, विरतो. हा विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळायचा. किल्ल्यांवर तुम्ही चुन्याची घाणी पाहिली असेल, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. मग विटांचे तुकडे आणि चुना पसरून तो थापीनं दिवसच्या दिवस ठोकायचा. त्यात बेलफळाचं पाणी, हिरडा आणि गूळ. गूळ म्हटल्यावर कोल्हापूरकर हसणारच! शाहूपुरीची बाजारपेठ महाराजांनी १८९५ साली वसवली आणि आपला गूळ देशभर गेला. पण गुळाचं पाणी चुन्यात घालण्यामागं नुसती हौस नाही. साखरेनं पाण्यात चुना जास्त विरघळतो आणि तो सावकाश आवळतो, त्यामुळे ठोकायला वेळ मिळतो. असा कोबा पुढे महिनोन्‌महिने हवेतला कर्बवायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीत जे गमावलं तेच परत मिळवतो.

तिसरी पिढी सिमेंटची. हिंदुस्थानात सिमेंटचा कारखाना नीट चालला तो १९१४ साली, पोरबंदरला. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबानं भारत टाइल्सची सुरुवात केली, परदेशी फरशीला स्वदेशी उत्तर म्हणून. खादीची गोष्ट आपण शाळेत शिकवतो, पण पायाखालची फरशीसुद्धा स्वदेशी चळवळीत होती हे शिकवत नाही. ही रंगीत नक्षीची फरशी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओततात, यंत्रानं दाबतात आणि पाण्यात पिकवतात. जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत अजून दिसेल. नंतर आला मोझॅक, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे आणि वरून मशीनची घासाई. साठ-सत्तरच्या दशकांतल्या फ्लॅटमध्ये तो घरोघर होता. आमच्या माडीवरही तेव्हाच आला.

तो मोझॅक कुणी आणला? सासूबाईंनी हट्ट करून. मी सून म्हणून आले तेव्हा त्या सांगायच्या, "पोटुशी असताना वाकून जमीन सारवलीय मी. फरशी बसली त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली." हे ऐकल्यावर 'जुनं ते सोनं' म्हणायला माझी जीभ वळत नाही. सारवलेल्या जमिनीचा गारवा आठवणारी मंडळी बहुतेक त्या गारव्यावर झोपलेली असतात. तो गारवा करणारी वेगळी असायची.

मग चूक कुठे झाली? हिशेब करू. मधली खोली बारा बाय पंधरा, म्हणजे १८० चौरस फूट. त्यावर दोन इंच सिमेंट-वाळू आणि पाऊण इंचाची फरशी. वजन होतं अडीच टनांच्या आसपास. कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर तीस किलोचे गुळाचे ऐंशी रवे खोलीभर पसरून ठेवल्यासारखं, आणि तेही कायमचे. तुळया बसवणाऱ्या सुतारानं मातीचं वजन धरलं होतं, माणसांचं धरलं होतं. मग कोबा आला, मग मोझॅक आला. प्रत्येक पिढीनं आपली सोय वर टाकली, खालचं कुणीच काढलं नाही.

न काढण्याला कारणंही होती. माझी जमीन म्हणजे खालच्याचं छत. वाडा एका कर्त्याच्या हातात होता तोवर हा प्रश्न नव्हता. वाटण्या झाल्या, भाडेकरू आले, संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं. भाडे नियंत्रणाच्या काळात भाडी गोठली. मालक म्हणे, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणे, दुसऱ्याच्या घराला मी का खर्च करू? दोघांचंही खरं होतं, आणि तुळई मधल्या मधे वाकत होती. वरून टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. काढायचं म्हटलं की खालच्या माणसाशी बोलावं लागतं.

मीही बोलायला गेले. काकूंचं देवघर बरोबर त्या खचलेल्या भागाखाली. त्या म्हणाल्या, "तुम्ही वर काय बी करा बाई, पण माझ्या देवांवर माती पडता कामा नये. आणि मला बाहेर काढायचा डाव असंल तर आत्ताच सांगा." ही भीती खरी होती. दुरुस्तीच्या नावाखाली घरं रिकामी झालेली त्यांनी पाहिली आहेत. २०१९ च्या महापुरात, पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली तेव्हा, काकू आमच्या माडीवरच राहिल्या होत्या. त्यांना म्हटलं, पुढच्या पुरातही तुम्हाला इथेच चढायचंय, म्हणून तर मजबूत करतेय. मग त्यांनी खोलीत टेकू लावू दिले. अडीच महिने देवघराच्या दोन्ही बाजूंना लाकडी टेकू आणि वर ताडपत्री. पूजा त्यांनी एक दिवसही चुकवली नाही.

मोझॅक आणि सिमेंट आम्ही टोपल्या-टोपल्यांनी खाली उतरवलं, खोलीच्या कडेकडेनं, म्हणजे भार एका बाजूला झुकू नये. निम्मं काढून झालं तेव्हा मामांनी तुळईखाली दोरी ताणून दाखवली. वाक थोडा कमी झाला होता. लाकूड संपलं नव्हतं, लाकूड दमलं होतं. भिंतीत गेलेली दोन कड्यांची टोकं मात्र कुजलेली निघाली. वरच्या सिमेंटनं ओल कोंडली गेली होती. तेवढ्या दोन कड्या बदलल्या.

आता वर काय करायचं? मोरबीची चकचकीत फरशी सगळ्यात सोपी, पण ती चिकटवायला पुन्हा ताठ सिमेंटचा थर हवा, आणि लाकूड ऋतूप्रमाणे हलतं. मातीचं सारवण नको, सासूबाईंची शपथ आहे. जुना कोबा तडकून सुटला होता. म्हणून माती निम्मी केली आणि नवा, पातळ कोबा केला. चुना तीन आठवडे पाण्यात ठेवला. थापी मामांनी मारली, शेजारच्या दोघी बायकांनी रोज घेऊन मारली, आणि मीही मारली. तिसऱ्या दिवशी मला चमचा धरता येत नव्हता. मग कळलं, अशा जमिनींवर किती हातांचे दिवस गेले असतील, आणि त्यांतलं एकही नाव वाड्याच्या कागदांत नाही.

एक चूकही सांगते. पहिल्या खोलीत मी घाई केली. लवकर वाळावं म्हणून खिडक्या उघड्या टाकल्या, पंखा लावला. चार दिवसांत केसासारख्या भेगा. मामा म्हणाले, "चुना वाळवत न्हाईत बाई, पिकवत्यात." दुसऱ्या खोलीत गोणपाट ओलं करून अंथरलं, दोन वेळा पाणी मारलं. तिथे भेग नाही. पहिल्या खोलीतल्या भेगा मी चुन्यानं भरल्या, अजून दिसतात. दिसू देत. पण त्या भरता आल्या, हे महत्त्वाचं. फुटलेली फरशी भरता येत नाही, बदलावी लागते, आणि तोवर तो नमुना बाजारातून गेलेला असतो.

मी सगळ्यांना चुन्याचा कोबा करा म्हणत नाही. वेळ लागतो, कारागीर मिळत नाहीत, पाठ मोडते. माझी विनंती एवढीच आहे. कुणी तुमच्या वाड्याकडे बघून 'लाकूड संपलं' म्हणालं तर आधी कोपऱ्यात दीड फुटाचा चौकोन उघडा. किती थर आहेत ते मोजा, वहीत लिहा, फोटो काढा. जाणत्या माणसाकडून तुळईची टोकं तपासून घ्या, टेकू लावल्याशिवाय काही फोडू नका. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, हा थर कधी आला आणि का आला. आणि पहिली कुदळ मारायच्या आधी खाली जाऊन खालच्या माणसाशी बोला.

आमचे टेकू निघाले त्या दिवशी काकूंनी वर येऊन कोब्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्याच्यावर रांगोळी उठंल का?" मी म्हटलं, काढून बघा. उठते, चांगली उठते.

प्रश्न असतील तर विचारा.