हिशेबाची दिशा : आर्नल्ड, लो आणि जोतीराव

मॅथ्यू आर्नल्ड आम्ही वर्गात शिकवतो तो ‘डोव्हर बीच’चा कवी आणि ‘कल्चर अँड अ‍ॅनार्की’चा लेखक म्हणून. त्याच्या पोटापाण्याच्या व्यवसायाची वासलात चरित्रातल्या एका ओळीत लागते. १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षे तो सरकारी शाळा-तपासनीस होता. सरकारी पैशाचा हिशेब शाळेकडून कसा घ्यावा, या प्रश्नाने त्याचे निम्मे आयुष्य व्यापले होते. साहित्याच्या अभ्यासकांनी त्या ओळीपाशी थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते.

इंग्लंडमध्ये १८३३ साली सरकारने शाळांसाठी २०,००० पौंड दिले. तीस वर्षांच्या आत ही रक्कम आठ लाखांच्या पुढे गेली. एवढा पैसा जातो तर मुलांना वाचता का येत नाही, हा प्रश्न न्यूकॅसल आयोगाच्या १८६१च्या अहवालाने ऐरणीवर आणला. प्रश्न रास्तच होता. त्याला शिक्षणखात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांनी दिलेले उत्तर म्हणजे १८६२ची सुधारित नियमावली. हजेरीवर मुलामागे चार शिलिंग. दोनशेहून अधिक हजेऱ्या भरणाऱ्या मुलामागे आणखी आठ. पण वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात ते मूल नापास होईल त्या प्रत्येकापोटी दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. शिक्षण स्वस्त नसेल तर परिणामकारक असेल आणि परिणामकारक नसेल तर स्वस्त असेल, अशी ग्वाही लो यांनी पार्लमेंटमध्ये दिली. निदान स्वस्ताई तरी साधली. १८६५पर्यंत अनुदान साडेसहा लाखांच्याही खाली उतरले.

याच नियमावलीने मुख्याध्यापकांना शाळेची नोंदवही ठेवणे भाग पाडले. तीत केवळ घटना लिहावयाच्या. सर्वसाधारण स्वरूपाचे विचार वा मते लिहावयाची नाहीत, असा स्पष्ट दंडक होता. शिक्षकाच्या लेखणीला एवढे नेमके कुंपण क्वचितच कोणी घातले असेल.

आर्नल्डने १८६२ सालीच, नोकरीत असताना, ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये नाव न देता या योजनेवर टीका केली. तपासनीस आता आकडे टिपणारा कारकून होणार, हे त्याने ओळखले. पुढे अहवालांतून त्याने लिहिले की, या यांत्रिक डावपेचांच्या खेळात शिक्षकच अखेर सरकारला हरवतील. वाचता न येताही मुले वाचनात उत्तीर्ण होतील. आणि तसेच झाले. मुले नेमलेले पुस्तक तोंडपाठ करू लागली. १८९०च्या दशकात ही पद्धत अखेर मोडीत निघाली.

मात्र येथे थांबून हिशेबालाच शत्रू ठरवणे सोपे आहे, आणि चुकीचेही. निकालानुसार अनुदानाची ही रीत मुंबई इलाख्यातही पोहोचली होती. तिथेच, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला पुण्याहून निवेदन दिले. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या खेड्यातल्या शिक्षकाला पगाराशिवाय खास भत्ता द्यावा, असे त्यांनीही सुचवले. निकालाचे त्यांना वावडे नव्हते. पण त्यांचा मूळ प्रश्न निराळा होता. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, तो का? लो यांनी सरकारच्या वतीने मुलाकडे हिशेब मागितला. जोतीरावांनी तो मुलाच्या वतीने सरकारकडे मागितला.

त्या निवेदनात आणखी एक सूचना आहे. गावच्या शिक्षकाला गावकारभारात सामावून घ्यावे, त्याच्याकडे गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी वा टपालाचे काम द्यावे, म्हणजे त्याचा दर्जा वाढेल. ज्या शिक्षकाला इंग्लंडमध्ये मत लिहिण्याची मनाई होती, त्याच्याच हाती जोतीराव गावाची वही सोपवू पाहत होते.

आज शाळेच्या लेखापरीक्षणाचे तक्ते भरताना आम्हां शिक्षकांचा जीव मेटाकुटीला येतो. लोकांच्या पैशाचा हिशेब द्यावाच लागेल, याविषयी दुमत नाही. पण हा हिशेब कोण, कोणाकडे, कोणासाठी मागतो आहे, हे विचारण्याचे स्थान त्या तक्त्यात नाही. तो रकाना आपल्यालाच आखावा लागेल.