दातांची साक्ष

श्रोतेहो, बैलबाजारात जाणता शेतकरी आधी बैलाचे तोंड उघडतो. आदत, दोनदाती की जुळलेला, हे दातच सांगतात. विलायतेत मोठमोठे विद्वान मात्र दातांनाच फसले, त्याची ही हकिकत.

१९१२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये चार्ल्स डॉसन आणि आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी पिल्टडाउन येथे सापडलेले अवशेष पुढे मांडले. कवटी माणसाची, जबडा वानराचा. पण दाढा माणसासारख्या सपाट झिजलेल्या! आधी मेंदू वाढला, जबडा मागाहून बदलला, असे पुष्कळांना वाटतच होते. हवा तो पुरावा मिळाला. शंका काढणारे होते, पण थोडे.

१९५३ साली वाइनर, ओकली आणि ले ग्रो क्लार्क यांनी त्या दाढा पुन्हा तपासल्या. चावून चावून झिजलेल्या शेजारच्या दाढा एकमेकींशी जुळतात. इथे पातळीच जुळेना. भिंगाखाली तर कानशीचे ओरखडे दिसले! जबडा ओरांगउटानचा, दाढा मुद्दाम घासलेल्या.

चाळीस वर्षे ही लबाडी खपली, कारण ती मनासारखी होती. गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा: मनाजोगा पुरावा मिळाला, की त्याचे दात आधी मोजावेत.