तळटीप १७ : आयनाकारी

१७. आयनाकारी : आरशाचे बारीक तुकडे प्लास्टरमध्ये बसवून भिंती आणि घुमट मढवण्याची इराणी कला. ऐना आणि कारागीर हे दोन्ही शब्द मराठीत फारसीतूनच आले आहेत, त्यामुळे वाचकाला हे नाव परके वाटू नये. युरोपातून येणारे मोठाले आरसे वाटेत फुटत आणि ते तुकडेच कारागिरांनी भिंतीवर चढवले, अशी तिची उगमकथा सांगतात.

मूळ मजकुरात ओझरता उल्लेख आलेल्या इराणी कलावंत मोनीर शाहरूदी फर्मानफर्मायान यांना ही कला शिराझच्या शाह चेराघ दर्ग्यात भिडली. भाविकांची ये-जा, दिव्यांचा उजेड, रडवेले चेहरे असे सारे त्या आरशांत एकाच वेळी हलत होते. पुढे उस्ताद हाजी मोहम्मद नवीद यांच्या हातांची साथ घेऊन त्यांनी ही कारागिरी आधुनिक भूमितीशी जोडली. षट्कोनावर त्यांचा विशेष जीव. त्याच्या सहा बाजू म्हणजे सहा दिशा. शिवाय औदार्य, संयम, सबुरी, निश्चय, अंतर्दृष्टी, करुणा हे सहा गुण, असे त्या सांगत. या कामाला नुसती सजावट म्हणणे अन्यायाचे आहे. समोर उभे राहिले की आपला चेहरा एकसंध दिसतच नाही. डोळा एका तुकड्यात, ओठ दुसऱ्यात, उरलेल्यांत फक्त उजेड.

१९७९च्या क्रांतीनंतर त्या न्यूयॉर्कमध्ये राहिल्या आणि २००४मध्ये मायदेशी परतल्या. २०१७मध्ये तेहरानच्या नेगारेस्तान बागेत त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. २०१९मध्ये त्यांचे तेहरानमध्येच निधन झाले. – संपा.