चोपदाराचा दंड

सन २०२३ च्या ऑगस्टात मी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी मुलीकडे मुक्कामास होतो. सांगलीच्या शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला परदेशात दोनच कामे असतात. एक, नातवाला बागेत नेणे. आणि दुसरे, तेथील प्रत्येक गोष्ट पाहून "आमच्याकडे याहून जुने आहे" असे म्हणणे. पहिले काम मी इमानाने करीत होतो. दुसऱ्याला मुलगी कंटाळली होती. एके संध्याकाळी ती म्हणाली, "अण्णा, आज तुम्हांला अशा ठिकाणी नेते, की ज्याचा दाखला तुमच्या इतिहासात सापडायचाच नाही!"

एडिंबरोत १९४७ सालापासून दर ऑगस्टला मोठा कलामहोत्सव भरतो. त्या दिवसांत तेथे एक अजब फेरी निघते. तिला म्हणतात सायलेंट डिस्को; आपण मूक नाच म्हणू. वीस-पंचवीस माणसे एका चौकात जमली. प्रत्येकाच्या कानांवर एकेक हेडफोन चढवण्यात आला. म्होरक्याच्या कमरेला एक लहानसे यंत्र होते. त्यातून निघालेले गाणे बिनतारी वाटेने सगळ्यांच्या कानांत एकाच वेळी पोचे. गाणे सुरू झाले आणि ही वरात त्या दगडी रस्त्यावरून नाचत, उड्या मारीत, हात उंचावत चालू लागली. मीही चाललो. सत्तरी उलटलेला, गळ्यात मफलर घातलेला मी दोन पावले नाचलोसुद्धा. सांगलीत कुणी पाहत नाही, याचा धीर मोठा असतो!

मध्येच मी हेडफोन काढला, आणि काय सांगू? गाणे नाही, वाद्य नाही. फक्त बुटांचा खसखस आवाज आणि बेसूर गुणगुणणे. रस्त्यावरची पोरे पोट धरून हसत होती. मला मात्र त्या युक्तीचे कौतुक वाटले. शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये म्हणूनच हा प्रकार फोफावला. इंग्लंडात ग्लास्टनबरीच्या जलशात २००५ साली रात्रीच्या आवाजाचा प्रश्न असाच सोडवण्यात आला होता. आपल्याकडेही २००० सालच्या नियमांनी वस्तीतील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल घातली आहे; पण गणपतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे लावणाऱ्यांना हे आकडे सांगणार कोण? आमच्याच गल्लीत एका वर्षी एक गृहस्थ अत्यवस्थ होते. त्यांची पत्नी सज्जात उभी राहून दोन्ही हात हलवीत होती, 'आवाज कमी करा' म्हणून. खालच्या पोरांना वाटले, काकू नाचताहेत. त्यांनीही तिला हात हलवून दाखवले.

हे मनात घोळत असतानाच मला दिसले, की आमच्या फेरीतील एक वयस्क बाई मागे पडली आहे. तिचा पाय मुरगळला असावा. एका पायरीवर ती टेकली आणि पुढच्यांना हाक मारू लागली. एकानेही मागे पाहिले नाही, कारण प्रत्येकाचे कान गाण्याने भरलेले होते. तिची हाक ऐकणारा त्या फेरीत मी एकटाच होतो. पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो. सांगायला संकोच वाटतो, म्हणून शेवटी.

असो. मुलीचे आव्हान घेऊन मी घरी परतलो. रस्त्याने गात-नाचत जाणाऱ्या मेळ्याचा दाखला शोधायला आम्हां सांगली-साताऱ्याच्या माणसांना फार लांब जावे लागत नाही. मिरज-सांगली रस्त्यावर माझे बालपण गेले. ज्येष्ठात एके दिवशी आजी दारात पाण्याची बादली आणि भिजवलेली डाळ घेऊन उभी राही. थोड्या वेळाने दोन घोडे येत. एकावर पताका घेतलेला स्वार. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नाही. "आजी, याच्यावर कोण बसतं?" असे मी विचारी. आजी डोळे मिटून म्हणे, "माउली." मी पुष्कळ निरखून पाही, मला खोगीरच दिसे.

ते घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे. अंकली हे कृष्णाकाठचे गाव, आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात. तेथून निघून मिरज, सांगली, कराड, सातारा अशी मजल दरमजल करीत ते पुण्याला आणि तेथून आळंदीला पोचतात, आणि मग ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जातात. आजही जातात.

या व्यवस्थेमागे जो पुरुष उभा आहे, तो साताऱ्याचा. सातारा तालुक्यातील आरफळ गावचे हैबतराव पवार ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत सरदार होते. परंपरा अशी सांगते, की गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना कैद केले. तेथे त्यांनी हरिपाठाचा आधार धरला आणि सुटका होताच घरी न जाता आळंदी गाठली. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंहमहाराज होते, तो हा काळ. त्यापूर्वी, तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये घालून दिलेल्या प्रघाताप्रमाणे, ज्ञानोबा आणि तुकोबा यांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीस जात. १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची सोय केली.

बाबा हाडाचे शिपाई. तलवार खाली ठेवली, तरी कवायत अंगात मुरलेली. कोणती दिंडी कोणत्या क्रमांकाने चालेल, कोणत्या प्रहरी कोणते अभंग म्हटले जातील, मुक्काम कोठे, हे सारे बांधून दिलेले. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे. कर्ण्याच्या इशाऱ्यावर पालखी हलणार. पुढे बाबांनी देह ठेवला तो आळंदीतच. महाद्वारातील त्यांच्या पायरीवर मस्तक टेकवून मगच वारकरी आत जातो.

हे सारे मी वर्गात अनेकदा शिकवले होते; चाललो मात्र कधीच नव्हतो. २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या एका जुन्या मित्राला बरोबर घेतले आणि लोणंदला पालखीत सामील झालो. नीरा ओलांडली की पालखी सातारा जिल्ह्यात येते. नीरास्नान, लोणंद, मग वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण, तरडगाव, फलटण, बरड अशी तिची वाट. चांदोबाच्या लिंबापाशी, दुतर्फा उभ्या दिंड्यांच्या मधून, तो बिनस्वाराचा घोडा माझ्या डोळ्यांदेखत धावत गेला. त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला माणसे वाकली. मीही वाकलो. आजीची आठवण झाली, एवढेच सांगतो.

चालताना एक गंमत ध्यानात आली. प्रत्येक दिंडीचा अभंग निराळा, ठेका निराळा. या दिंडीतून त्या दिंडीत गेलो, की जणू दुसऱ्याच गावात आलो. दहा पावलांवर दुसरे भजन चालू आहे, पण टाळकऱ्याचे भान आपल्या वीणेकऱ्यावरून हलत नाही. मी मित्राला म्हटले, "अरे, हा तर एडिंबरोचाच प्रकार! प्रत्येकजण आपापल्या नादात." मित्र हसला. म्हणाला, "संध्याकाळपर्यंत थांब."

संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरती होती. दिंड्या एकेक करून आल्या आणि पालखीभोवती कडे करून उभ्या राहिल्या. हजारो टाळ एकदम वाजत होते. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. इतक्यात चोपदाराने हातातला दंड उंच केला. आणि वाचकहो, तो सारा कल्लोळ क्षणात थांबला! शेतापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज ऐकू यावा, इतकी शांतता.

त्या शांततेत एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले. मला वाटले, यांना दंड दिसला नसावा. मित्राने माझा हात दाबला. "त्यांची तक्रार आहे," तो म्हणाला. "ज्या दिंडीला गाऱ्हाणे असेल, तिने टाळ थांबवायचे नाहीत. चोपदार तिच्याकडे जातो." खरोखरच चोपदार त्या दिंडीपाशी गेला. कोणी ट्रक मध्येच घुसवल्यामुळे त्या दिंडीचे पाण्याचे वाहन मागे अडकले होते आणि तिच्यातल्या म्हाताऱ्या बायका दुपारभर पाण्यावाचून चालल्या होत्या. चोपदाराने ऐकून घेतले, मार्ग काढून देण्याचे कबूल केले, आणि मग ते टाळ थांबले. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची घोषणा झाली, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगण्यात आली, आणि आरती सुरू झाली. तोवर तो अफाट समुदाय उभाच होता.

इतकी वर्षे मी मुलांना शिकवीत आलो, की हैबतबाबांनी वारीला शिस्त लावली. ही शिस्त कशासाठी, ते मला त्या दिवशी तरडगावला कळले. नाद कितीही मोठा असो, दिवसातून एकदा तो थांबला पाहिजे, आणि ज्याचे दुखते त्याच्याच हातचा टाळ तेवढा वाजला पाहिजे. आमच्या गल्लीतल्या त्या काकूंना हेच हवे होते. कर्ण्यांच्या भिंतीपुढे त्यांचा आवाज बुडाला. एडिंबरोच्या बाईचा आवाज शांत रस्त्यावरसुद्धा कुणाच्या कानांत शिरला नाही.

रात्री तळावरून मुलीला फोन केला. "दाखला सापडला," म्हणालो, आणि सगळी हकीकत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "अण्णा, त्या बाईंचं मग काय झालं? तुम्ही तर हेडफोन काढला होता."

बाईचे पुढे ठीक झाले. फेरी संपल्यावर हेडफोन मोजताना एक कमी भरला, तेव्हा तिचा शोध झाला. पण तिची हाक ऐकूनही मी पुढच्या कुणाचा खांदा हलवला नव्हता. परका देश, मोडके इंग्रजी, उगाच हसे नको, असे म्हणून मी हेडफोन पुन्हा कानांवर चढवला होता.

हे मुलीला मी त्या रात्री पहिल्यांदा सांगितले.